वाचकांचे प्रश्न : रानातला कर्ब येतो कुठून, जातो कुठे?

या वेळी माती परीक्षण, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं), पाचट (उसाचा वाळलेला पाला), गोबरगॅस, ठिबक आणि विहिरीतला वायू अशा विषयांवर पत्रं आली. विषय वेगवेगळे दिसले तरी सगळ्यांच्या मुळाशी कार्बन आहे, म्हणजे माती परीक्षणाच्या कागदावर ज्याला आपण कर्ब म्हणतो तो. म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : चार वर्षं झाली, दरवर्षी एकरी दोन ट्रॉली शेणखत टाकतो. तरी माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्क्यांवरून हलत नाही. एवढं खत जातं कुठे? (एक शेतकरी, ता. सेलू, जि. परभणी)

खत हवेत जातं. हा उडवाउडवीचा जबाब नाही, हिशोब मांडून दाखवतो.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वरच्या १५ सेंटिमीटर थराची काळी माती धरली तर वजन साधारण ८०० टन भरतं. त्यात ०.४२ टक्के कर्ब म्हणजे सुमारे ३,३६० किलो. ही तुमची शिल्लक. आपल्याकडच्या उन्हाच्या, कोरडवाहू रानात दरवर्षी या शिलकेतला अंदाजे ३ ते ५ टक्के कर्ब जिवाणू आणि बुरशी खाऊन संपवतात. म्हणजे वर्षाला १०० ते १७० किलो खर्च.

आता जमा पाहा. दोन ट्रॉली म्हणजे पाच टन ओलं शेणखत धरू. चांगल्या खतात कर्ब १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६०० किलो. पण मातीत मिसळल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा भाग जिवाणूंच्या श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मागे उरतो पाव ते तिसरा हिस्सा, १५० ते २०० किलो. जमा आणि खर्च जवळजवळ सारखे, म्हणून कागदावरचा आकडा जागचा हलत नाही. तुम्ही खत टाकलं नसतं तर तो खाली गेला असता. चार वर्षांची मेहनत वाया गेलेली नाही.

हे जिवाणूंचं खाणं डोळ्यांनी बघता येतं. पानाला लावायचा चुना चमचाभर घ्या, पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी हलक्या हाताने काढून घ्या. दोन मोठ्या बरण्या घ्या. एकीत पाव किलो ओलसर माती, दुसरी रिकामी. दोन्हींत निवळीची एकेक वाटी ठेवून झाकण घट्ट लावा. एकदोन दिवसांत मातीच्या बरणीतली निवळी दुधाळ होते, वर पांढरी साय धरते. मातीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून ती साय बनलेली असते. रिकाम्या बरणीत फारसा फरक दिसत नाही. एका बरणीत नुसती माती आणि दुसरीत खत मिसळलेली माती ठेवली तर फरक आणखी ठळक दिसतो.

हा खर्च वाढवणाऱ्या दोन गोष्टी आपण स्वतः करतो. पहिली म्हणजे गरज नसताना केलेली खोल नांगरट. ढेकळांच्या आत चिकणमातीच्या कणांत दडून बसलेला कर्ब नांगराने उघडा पडतो, हवा लागते आणि जिवाणूंच्या तावडीत सापडतो. कोरड्या तापलेल्या मातीवर मृगाचा पहिला पाऊस पडला की जमीन एकदम मोठा श्वास सोडते. उन्हाळ्यात मेलेले जिवाणू आणि मोकळा झालेला कर्ब उरलेले जिवाणू दोनचार दिवसांत फस्त करतात. रान जितकं भुसभुशीत आणि उघडं, तितका हा श्वास मोठा. लव्हाळा-हरळीसाठी किंवा तीन-चार वर्षांतून एकदा तळी (खालचा घट्ट झालेला थर) फोडायला खोल नांगरट ठीक आहे. दरवर्षी मात्र वखरपाळीवर, म्हणजे उथळ मशागतीवर भागवा.

दुसरी गोष्ट उकिरड्याची. उघड्यावर वाळलेल्या उकिरड्यातलं निम्मं वजन बऱ्याचदा मातीचंच असतं. मूठभर खत पाण्याच्या पेल्यात टाकून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी जाड थर बसला तर तुम्ही ट्रॉली भरून माती वाहताय. खताचा खड्डा सावलीत ठेवा, वर पाचट किंवा मातीचा पातळ लेप द्या. रानात ढीग मेच्या उन्हात पंधरा-पंधरा दिवस पडू देऊ नका. ज्या दिवशी पसरलं त्याच दिवशी वखराने मातीआड करा.

आणि धसकटं, पाला, सोयाबीनची गुळी (भुसकट) यांतलं काही तरी रानात राहू द्या. एकरी एक टन वाळलेला काडीकचरा म्हणजे सुमारे ४०० किलो कर्ब, त्यातला शंभरेक किलो टिकला तरी तो निव्वळ नफा. एकरात कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ८०० किलो निव्वळ शिल्लक पडावी लागते. म्हणजे सगळं नीट केलं तरी सहा-आठ वर्षं. याहून लवकर वाढवून देतो असं सांगणाऱ्या बाटलीवर पैसे घालू नका. मुरमाड माळरानावर तर आणखी वेळ लागतो, कारण कर्बाला धरून ठेवणारी चिकणमातीच तिथे कमी असते.

प्रश्न : एकाच रानाची माती दोन प्रयोगशाळांत दिली. एकीने कर्ब ०.४२ सांगितला, दुसरीने ०.५५. कोणावर विश्वास ठेवायचा? (ता. औसा, जि. लातूर)

बहुधा दोघांचंही बरोबर आहे. आपल्याकडे कर्ब मोजतात ती पद्धत वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ साली दिली. एक ग्रॅम बारीक चाळलेली माती, त्यात नारिंगी रंगाचं पोटॅशियम डायक्रोमेटचं १० मिलि द्रावण आणि २० मिलि तीव्र गंधकाम्ल. मिश्रण आपोआप तापतं आणि अर्ध्या तासात मातीतला कर्ब डायक्रोमेट खर्च करतो. किती डायक्रोमेट उरलं हे फेरस अमोनियम सल्फेटने मोजतात. रंग मळकट निळ्यावरून झटकन हिरवा होतो तो क्षण पकडायचा असतो.

यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्के जळतो. म्हणून काही प्रयोगशाळा आलेल्या आकड्याला १.३ ने गुणतात, काही गुणत नाहीत. ०.४२ ला १.३ ने गुणलं की ०.५५ येतं. तुमच्या दोन कागदांतला फरक बहुधा हाच आहे. यापुढे एकाच प्रयोगशाळेत माती द्या आणि आकडा गुणलेला आहे का ते विचारून कागदावर लिहून घ्या. सेंद्रिय पदार्थ असा वेगळा रकाना असेल तर तो कर्बाला १.७२४ ने गुणून काढलेला असतो. तो वाचून कर्ब वाढला असं समजू नका.

०.४२ आणि ०.४६ यांत फरक आहे असंही धरू नका, एवढी चूक नमुना घेतानाच होते. पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी नमुना घ्या. एकरात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, जनावरं बांधायची जागा टाळा. सगळी माती गोणपाटावर एकत्र करा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत कमी करा. माती सावलीत वाळवा. रासायनिक खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका. दोन-तीन वर्षांनी पुन्हा त्याच महिन्यात नमुना घ्या, तरच तुलनेला अर्थ राहतो.

प्रश्न : पऱ्हाट्या पेटवाव्यात की रानातच बारीक कराव्यात? बांधावर रचून ठेवल्या तर बोंडअळी वाढते म्हणतात. कोळसा करून टाकला तर? (ता. माजलगाव, जि. बीड)

आधी बोंडअळीचं. गुलाबी बोंडअळीची शेवटची पिढी किडक्या, न उमललेल्या बोंडांत सुस्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते. त्यामुळे बांधावर रचलेली पऱ्हाटी म्हणजे अळीचं गोदाम, हे खरं आहे. डिसेंबरअखेर किंवा फार तर जानेवारीत कपाशी संपवा, फरदड (त्याच झाडांवर पुढे लांबवलेलं पीक) घेऊ नका. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या रानात सोडा, त्या हिरवी बोंडं आणि पाला खाऊन टाकतात. मग ट्रॅक्टरच्या श्रेडरने उभी पऱ्हाटी बारीक करा.

पेटवण्याचा हिशोब असा. एक टन वाळलेल्या पऱ्हाट्यांत सुमारे ४५० किलो कर्ब असतो, तो अर्ध्या तासात धूर होऊन जातो. बरोबर आठ-दहा किलो नत्र जातं, म्हणजे वीस किलो युरिया. गंधकही बरंच जातं. पालाश बहुतेक राखेत उरतं, आणि तेही वारा सुटला तर शेजाऱ्याच्या रानात. ज्या जागी आग लागली तिथल्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीतले जीव मरतात ते वेगळंच.

श्रेडरचा चुरा नुसता मातीत गाडून लगेच उन्हाळी भुईमूग किंवा भाजी घेतली तर पीक पिवळं पडण्याची भीती असते, कारण पुढच्या उत्तरात सांगितलं आहे. कपाशीनंतर रान जूनपर्यंत मोकळं राहणार असेल तर चुरा मातीत मिसळून द्या, पहिल्या पावसात तो कुजायला लागतो. पाण्याची सोय असेल तर ढीग लावणं सगळ्यात चांगलं. एक टन चुऱ्याला १०० किलो ताज्या शेणाचा काला, ५ ते ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं संवर्धक, असे थर द्या. ढीग दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच, लांबी सोयीप्रमाणे. ओल कशी ओळखायची? मूठ आवळली की तळवा ओला व्हावा, पण थेंब गळू नये.

पाच-सहा दिवसांनी ढिगात लोखंडी पहार खुपसून पंधरा मिनिटांनी बाहेर काढा. हात लावणं कठीण व्हावं इतकी ती तापलेली असेल तर आत ५५ ते ६५ अंशांच्या आसपास उष्णता आहे. या उष्णतेत अळ्या-कोष तग धरत नाहीत. पहार गार निघाली तर ढीग कोरडा आहे, नत्र कमी पडलंय किंवा ढीग फार लहान आहे. सडका वास आला तर पाणी जास्त झालंय, उकरून हवा द्या. महिन्याने एकदा ढीग उलटा, कडेचा माल आत घाला, कारण कडेला उष्णता पोचत नाही. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं. काडी बोटांनी मोडली की तुकडा पडावा, तंतू ओढला जाऊ नये.

कोळशाबद्दल. कमी हवेत जाळून केलेला कोळसा मातीत शेकडो वर्षं टिकतो, कारण जिवाणूंना तो सहज खाता येत नाही. चार किलो काड्यांपासून किलोभर, कधी त्याहून कमी कोळसा मिळतो आणि मूळ कर्बातला निम्म्याच्या आसपास हाती राहतो. पण मराठवाड्यातल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच, आंबटपणा मोजायचं माप; ७ च्या खाली आंबट) बहुधा ८ च्या आसपास असतो आणि अशा कोळशाबरोबर राख येते, ती सामू आणखी वर ढकलते. आंबट जमिनींसाठी दिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. करायचंच असेल तर कोळसा पाण्याने विझवा, राख धुऊन काढा, पंधरा दिवस शेणकाल्यात भिजवा आणि आधी एका गुंठ्यात टाकून पाहा. कोरडा कोळसा टाकला तर तो मातीतलं नत्र शोषून बसतो.

प्रश्न : पाचट न जाळता सरीत ठेवलं, तर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक) पिवळा पडून बसला. जाळलेल्या शेजारच्या रानात मात्र हिरवागार. मग जाळूच नका असं का सांगता? (ता. गंगाखेड, जि. परभणी)

तुमचा खोडवा नत्रासाठी उपाशी आहे, आणि ते नत्र पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंनी उचललंय. जिवाणूंच्या शरीरात साधारण ८ भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं. ऊर्जेसाठी ते आणखी बराच कर्ब जाळतात, म्हणून त्यांना खायला २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र असलेला माल मानवतो. पाचटात हे प्रमाण १०० च्या आसपास असतं, शेणात २० ते २५. पाचटाच्या ताटात नत्र कमी पडलं की जिवाणू मातीतलं घेतात, उसाच्या मुळांच्या तोंडचं. शेजाऱ्याच्या रानात खाणारेही नाहीत आणि खाद्यही नाही, म्हणून सुरुवातीला तिथे हिरवं दिसतं. पाचट कुजलं, जिवाणू मरायला लागले की हे उसनं घेतलेलं नत्र पिकाला परत मिळतं. सुरुवातीची ही उसनवारी आपण युरियाने भागवायची असते.

पाचट एकरी तीन-चार टन निघतं. एक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, हे प्रमाण. ऊस तुटला की पाचट सरीत नीट दाबून बसवा, बुडख्यांवर ठेवू नका. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा, उंच राहिले तर वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे येतात. मग पाचटावर युरिया आणि सुपर फॉस्फेट सारखं पसरा, शेणखतात कालवलेलं संवर्धक टाका आणि पाणी द्या. पाण्याने पाचट मातीला चिकटलं पाहिजे. कोरडं, फुगलेलं पाचट वर्षभर तसंच राहतं.

आणखी एक चूक नेहमी होते. खोडव्याचं नेहमीचं रासायनिक खत पाचटावर फेकलं जातं. ते सगळं जिवाणूंच्या पोटात जातं. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर पहारीने १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक घेऊन खत आत टाका आणि भोक बुजवा. तुमच्या पिवळ्या खोडव्याला आता हाच उपाय करा, शिवाय पाचटावर युरियाचा राहिलेला हप्ता द्या.

प्रश्न : ज्वारी तेवढ्याच पाण्यात सोयाबीनपेक्षा जास्त वैरण-दाणा कशी देते? (ता. परंडा, जि. धाराशिव)

ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानांत हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी एका ठिकाणी पकडून दाट करायची सोय असते. सोयाबीन, कपाशी, तूर, हरभरा यांच्यात ती नाही. उन्हात त्यांच्या पानातलं कर्ब पकडणारं विकर (एन्झाइम) चुकून प्राणवायू धरतं आणि पकडलेल्या कर्बातला पाचवा-चौथा हिस्सा परत सोडून द्यावा लागतो. ज्वारीचं हे नुकसान टळतं, शिवाय पानाची छिद्रं कमी उघडून काम भागतं म्हणून पाणीही वाचतं.

या दोन गटांच्या कर्बात कार्बन-१३ चं (कार्बनच्या किंचित जड प्रकाराचं) प्रमाण किंचित वेगळं असतं. मधात उसाच्या साखरेचा पाक मिसळलाय का, हे प्रयोगशाळेत त्यावरूनच ओळखतात, कारण मधमाश्यांना मध देणारी बहुतेक फुलं सोयाबीनच्या गटातली.

प्रश्न : दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. दिवाळीनंतर गॅस निम्म्यावर येतो, कधी शेगडी पेटतच नाही. (जि. हिंगोली)

शेणातला कर्ब हवा नसलेल्या टाकीत जिवाणू दोन टप्प्यांत फोडतात. पहिला गट आम्लं बनवतो, दुसरा त्यांपासून मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू. दुसरा गट नाजूक आहे. त्याला ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते, १५ च्या खाली तो जवळपास थांबतो. थंडीत तुम्ही शेण तेवढंच घालत राहता, पहिला गट आम्लं करत राहतो, ती साठतात. मग निघणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड जास्त होतो आणि शेगडी पेटत नाही.

दोन घनमीटरला रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. थंडीत पाणी सकाळऐवजी दुपारी, काळ्या ड्रममध्ये उन्हात तापवून घाला. घुमटावर आणि भोवती कडब्याचा किंवा भुसकटाचा हातभर थर द्या. लिटमस किंवा सामूच्या पट्टीने बाहेर पडणारी रबडी तपासा. सामू ६.५ च्या खाली असेल तर आठ दिवस शेण बंद ठेवा, शेजारच्या चालू टाकीतली दहा-वीस बादल्या रबडी आणून घाला आणि मग निम्म्या मापाने सुरुवात करा. गोठा धुतलेलं साबणाचं किंवा फिनेलचं पाणी, प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलेल्या जनावराचं शेण टाकीत जाऊ देऊ नका. शेणात कडब्याच्या काड्या जास्त असतील तर वर घट्ट साय धरते आणि गॅस खाली अडकतो, काला घालताना काड्या वेचून टाका.

साबणाच्या फेसाने पाइपचे सांधे आणि कॉक महिन्याला तपासा. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरतो, त्यामुळे गळकी टाकी हवेचं नुकसानच करते. रबडीत मूळ शेणातलं नत्र जवळपास पुरं उरतं, ती उन्हात वाळवली की ते अमोनिया होऊन उडतं. ओलीच रानात सोडा किंवा पऱ्हाटीच्या ढिगावर ओता, तिथे तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने ठिबकची छिद्रं पांढऱ्या थराने बंद होतात. रानातही पांढरे खडे आहेत. जमिनीत एवढा चुना म्हणजे कर्ब भरपूर ना? (ता. अंबड, जि. जालना)

चुनखडीत कर्ब आहे, पण तो जिवाणूंच्या उपयोगाचा नाही. माती परीक्षणातल्या सेंद्रिय कर्बात तो धरला जात नाही. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की फेस येतो तो या चुन्याचा.

हा चुना येतो कुठून? मुळं आणि जिवाणूंच्या श्वासाने मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. मुरणारं पावसाचं पाणी तो विरघळवून किंचित आंबट होतं, बेसाल्ट खडकातलं कॅल्शियम सोडवतं आणि बायकार्बोनेट होऊन खाली जातं. आपल्याकडे पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त, त्यामुळे वाटेतच पाणी उडतं आणि चुना खड्याच्या रूपाने मागे राहतो. ठिबकच्या छिद्राशी हेच घडतं. दाबाखालून बाहेर पडताना पाण्यातला वायू निसटतो, उन्हाने पाणी तापतं आणि चुना साठतो.

स्वच्छतेसाठी प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर बोअरचं पाणी घ्या. बाजारात मिळणारं हायड्रोक्लोरिक आम्ल एकेक मिलि टाकत, ढवळत, सामू पट्टीवर ४ येईपर्यंत मोजा. समजा ६ मिलि लागलं. तुमच्या सेक्शनला तासाला १५,००० लिटर पाणी जातं आणि आम्ल शेवटच्या नळीपर्यंत पोचायला १५ मिनिटं लागतात, तर ३,७५० लिटर पाण्याला सव्वादोन लिटर आम्ल लागेल. ते व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात द्रावण ओढून घेणाऱ्या जोडणीतून) त्या १५ मिनिटांत सारखं सोडा. शेवटच्या छिद्राचं पाणी पट्टीवर तपासा, सामू ४ आला की मोटार बंद करून २४ तास थांबा. दुसऱ्या दिवशी आधी सबमेन (नळ्यांना पाणी देणारा पाइप), मग नळ्यांची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. टोकं न उघडता मोटार चालू केली तर सुटलेला चुना पुढच्या छिद्रात जाऊन बसतो, आणि लोक म्हणतात आम्लाने काही झालं नाही.

आम्ल पाण्यात घालायचं, आम्लात पाणी कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचिंग पावडर त्याच वेळी वापरू नका, विषारी क्लोरीन निघतो.

अशा रानात जुलैच्या झडीत सोयाबीनची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती नत्राची कमतरता नसते. बायकार्बोनेटमुळे लोह अडलेलं असतं. पाणी काढून द्या आणि दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट व १० ग्रॅम सायट्रिक आम्ल टाकून फवारा.

प्रश्न : कार्बन क्रेडिटचा करार करा म्हणून लोक गावात येतात. एकरी किती मिळू शकतं? (जि. नांदेड)

एक क्रेडिट म्हणजे हवेत जाऊ न दिलेला किंवा हवेतून काढून घेतलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. पहिल्या उत्तरातला हिशोब घ्या. एकरात ०.१ टक्का कर्ब वाढला तर ०.८ टन कर्ब, त्याला ३.६७ ने गुणलं (कर्बाचा कार्बन डायऑक्साइड होताना वजन एवढ्या पट होतं) की २.९ टन, म्हणजे तीनच्या आत क्रेडिट, तेही सहा-आठ वर्षांत. कोणी एकरी दरवर्षी दहा-पंधरा म्हणत असेल तर मोजणी कशी करणार हे आधी विचारा. सही करण्यापूर्वी पाहा : सुरुवातीची माती कोणी, किती खोलीपर्यंत आणि कधी तपासली, पैसा कोणत्या टप्प्यावर मिळणार, करार किती वर्षांचा, मध्येच नांगरट केली किंवा जमीन विकली तर वसुली कोणाकडून. मराठीत लिहिलेली प्रत मिळत नसेल तर सही करू नका.

प्रश्न : जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरल्यावर माणसं बेशुद्ध का पडतात? कंदील सोडून पाहिला तर पुरे का? (ता. केज, जि. बीड)

जमीन श्वास सोडते, पाला कुजतो, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो. वापरात नसलेल्या, वारा न लागणाऱ्या विहिरीच्या तळाला तो तळ्यासारखा साचतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो, १० टक्क्यांच्या आसपास पोचला तर माणूस काही मिनिटांत कोसळतो. पेवात (धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात) हेच होतं. साठवलेली ज्वारी जिवंत असते, ती प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. किडे त्यामुळेच मरतात आणि धान्य टिकतं, पण उतरणाऱ्या माणसालाही तो वायू सोडत नाही. धान्य ओलसर असेल तर वायू कितीतरी जास्त.

कंदील विझला तर उतरायचं नाही, हे पक्कं. पण कंदील जळत राहिला म्हणून उतरायला हरकत नाही, असं नाही. गाळ ढवळल्यावर सुटणारा वायू त्या वेळी नसतोच, आणि हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू कंदिलाला कळत नाही. आधी ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून किमान अर्धा तास ताजी हवा भरा आणि काम चालू असेपर्यंत तो बंद करू नका. ब्लोअर नसेल तर माणूस उतरवू नका, गाळ यारीने आणि बादलीने वरून काढा. डिझेल किंवा पेट्रोल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. पेव उघडल्यावर एक पूर्ण दिवस उघडं ठेवा, तोंडाजवळचं धान्य वरूनच काढा आणि उतरायच्या आधी तिथेही ब्लोअर चालवा.

उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधलेला असावा, कमरेला नाही, आणि वर दोन माणसं दोर धरून उभी असावीत. खालचा माणूस गप्प झाला की त्याला वर ओढायचं आणि १०८ ला फोन करायचा. त्याला वाचवायला दुसऱ्याने खाली उतरायचं नाही, भाऊ असला तरी. अशा अपघातात पहिल्याच्या मागे उतरलेला दुसरा आणि तिसराही जातो.